तो फास कुठेच दिसला नाही

अ‍ॅनोफेलिस क्युलिसिफेसीस हे डासाचं नाव पहिल्यांदा उच्चारताना माझे विद्यार्थी अडखळतात, आणि कॉलेजाबाहेरच्या माणसाच्या तर ते कानावरूनही गेलेलं नसतं. डेंग्यूमुळे एडिस घराघरात माहीत झाला. पायावर पांढरे पट्टे, दिवसा चावतो, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, एवढं शाळकरी पोरंही सांगतात. पण देशातल्या हिवतापाच्या 60 ते 65 टक्के रुग्णांमागे जो डास आहे, त्या क्युलिसिफेसीसबद्दल पेपरात एक ओळ येत नाही. हा खेड्यातला डास आहे. भाताच्या बांधीतलं पाणी, कालव्याचा पाझर, ओढा आटताना मागे राहिलेली डबकी, ही त्याची जागा. शहरातल्या माणसाला तो चावत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही.

माझी उमेदीची काही वर्षं याच डासामागे गेली, त्यामुळे मला त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. क्युलिसिफेसीस नावाचा एक डास नाहीच. त्या नावाखाली पाच जाती नांदतात: ए, बी, सी, डी आणि ई. भिंगाखाली धरा, पंखांच्या कडेचे ठिपके मोजा, तोंडाजवळच्या पॅल्पवरच्या पट्ट्या तपासा, पाचही अगदी सारख्या. त्यातल्या चार हिवताप पसरवतात. बी मात्र जवळजवळ पसरवतच नाही. कुठल्या गावात फवारणी करायची, कशाची करायची, हे ज्या फरकावरून ठरायला हवं तो फरक डोळ्यांनी दिसत नाही.

तो दिसायला लागतो फक्त गुणसूत्रांत, आणि ती पाहायची तर आधी भल्या पहाटे गोठ्यात जावं लागतं.

एम.एस्सी. झाल्यावर एका संशोधन प्रकल्पात मला काम मिळालं. गावं पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातली. तलाव, बोड्या आणि कालवे यांनी वेढलेली. आमच्यासोबत हिवताप विभागातून निवृत्त झालेले एक कीटक समाहारक असायचे. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. सकाळी सहाच्या सुमारास भाऊ एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात शोषनळी घेऊन गोठ्यात शिरत. भिंतीवर उजेड तिरपा टाकायचा, डास दिसला की नळीचं तोंड त्याच्यावर टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाने हलकेच श्वास ओढायचा. नळीला आत जाळी असते, डास तोंडात येत नाही. इतर बरेच अ‍ॅनोफेलिस शेपूट वर करून भिंतीवर तिरपे बसतात, हा मात्र घरातल्या साध्या क्युलेक्स डासासारखा भिंतीला जवळजवळ समांतर बसतो. भाऊ तेवढ्यावरून लांबूनच सांगायचे, "हा तुमचा."

आम्हाला त्यातल्या फक्त माद्या हव्या असत, आणि माद्यांतही ठरावीक अवस्थेतल्या: रक्त पिऊन साधारण एक दिवस उलटलेल्या. अशा मादीचं पोट अर्धं काळपट लाल आणि अर्धं पांढुरकं दिसतं. पुढे पचत असलेलं रक्त, मागे वाढत असलेली अंडी. ही अवस्था काही तासांचीच असते. पोट सगळं लाल असेल तर फार लवकर झालं, सगळं पांढरं असेल तर वेळ निघून गेली.

एका घरी गोठ्यात आमचं हे चाललेलं असताना दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहून तिने विचारलं, "फवारा तं दरसाली मारतेत, मंग मच्छर काहून नाही मरत वं बाई?"

मी काही बोलायच्या आत भाऊच म्हणाले, "मरते आजी. काही मरते, काही नाही मरत. कोणते मरते आन् कोणते नाही, तेच ही बाई पाहून राहिली."

माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला नंतर कुठल्या प्रबंधातही सापडलं नाही.

प्रयोगशाळेत आल्यावर त्या मादीचं अंडाशय सुईने बाहेर काढायचं आणि एक भाग अ‍ॅसिटिक आम्ल, तीन भाग मिथेनॉल अशा मिश्रणात टाकून फ्रिजमध्ये ठेवायचं. पाहायच्या दिवशी त्यातला लहानसा तुकडा काचपट्टीवर घ्यायचा, ऑर्सिनच्या रंगात ठेवायचा, वर पन्नास टक्के प्रोपियॉनिक आम्लाचा थेंब. मग पातळ काच ठेवून, वर टीपकागद धरून अंगठ्याने दाबायचं. या दाबण्यातच सगळं कसब आहे. कमी दाबलं तर गुणसूत्रं गुंतवळासारखी एकत्र राहतात, जास्त दाबलं तर तुटतात. नीट जमलं तर सूक्ष्मदर्शकात अंडाशयातल्या पोषक पेशींमधली महागुणसूत्रं पसरलेली दिसतात. साध्या पेशीत एक गुणसूत्र म्हणजे एकच बारीक धागा. या पेशींत तोच धागा दुपटीने दुपटीने वाढत जातो आणि शेकडो प्रती एकमेकींना चिकटून राहतात, चऱ्हाटात काथ्याचे पदर असावेत तशा. म्हणून ती इतकी जाड होतात की त्यांच्यावरचे गडद आणि फिके पट्टे एकेक करून वाचता येतात. एक्स गुणसूत्राचं टोक कुठलं, दुसऱ्या बाहूचं कुठलं, हे पट्ट्यांवरून कळायला मला बरेच महिने लागले. पण एकदा डोळा बसला की ओळखीच्या गल्लीतून चालल्यासारखं होतं.

या पट्ट्यांत कधीकधी एक मोठा तुकडा उलटा बसलेला असतो. कधीकाळी गुणसूत्र दोन ठिकाणी तुटलं, मधला तुकडा फिरला आणि उलटाच जोडला गेला. याला इन्व्हर्जन म्हणतात. तुकड्यातली जनुकं तीच, क्रम उलटा. आता समजा आईकडून सुलट तुकडा आला आणि बापाकडून उलट. महागुणसूत्रात दोन्ही एकमेकांशी पट्ट्याला पट्टा लावून जुळायचा प्रयत्न करतात, आणि उलट-सुलट जुळण्यासाठी त्यांना तिथे गोल वळसा घ्यावा लागतो. काचपट्टीवर तो चक्क फास दिसतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तो चुकवणार नाही, इतका स्पष्ट.

एकाच जातीचे डास एका गावात असतील, काहींत तुकडा सुलट आणि काहींत उलट असेल, तर त्यांचं आपसात मीलन होणार आणि पोरांमध्ये फास दिसणार. किती जणांत दिसावा याचं गणितही बारावीच्या पुस्तकातलंच आहे. 1980 साली क्रिस्तोफर ग्रीन आणि माइल्स या संशोधकांनी क्युलिसिफेसीसच्या एक्स गुणसूत्रावरच्या दोन इन्व्हर्जनांवरून ए आणि बी या दोन जाती वेगळ्या काढल्या. त्याच सुमारास दिल्लीत, 1977 साली सुरू झालेल्या मलेरिया रिसर्च सेंटरमध्ये, सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या गोठ्यांतले डास अशाच पद्धतीने वाचायला घेतले. एका गावात, एका भिंतीवर, सुलट-सुलट वाल्या माद्या सापडत आणि उलट-उलट वाल्याही सापडत. फासवाली मादी सापडत नसे. म्हणजे शेजारी शेजारी बसणारे हे डास एकमेकांशी लग्नच करत नव्हते. प्रयोगशाळेत काही जोड्यांचा संकर घडवला तेव्हा होणारे नर वांझ निघाले. 1983 मध्ये याच गटाने सी ही तिसरी जात दाखवली, पुढे डी सापडली.

एखादी गोष्ट न दिसण्यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येतो, याचं मला आजही अप्रूप आहे. स्लाइडमागून स्लाइड पाहत जायचं, फास शोधत राहायचं, आणि तो नाही हेच उत्तर असतं.

या अक्षरांना व्यवहारात काय अर्थ? यातली बहुतेक मंडळी मुळात गुरांवर जगणारी आहेत, माणूस त्यांना दुय्यम. पण ए कधीमधी माणसाकडे वळते, बी जवळपास नाहीच. दुसरं, बी च्या शरीरात हिवतापाचा परजीवी नीट वाढत नाही. प्रयोगशाळेत सगळ्यांना व्हायवॅक्स या हिवतापाच्या परजीवीने बाधित रक्त पाजून पाहिलं तर ए मध्ये तो छान वाढतो, बी मध्ये अडतो. काही डासांत तर परजीवीभोवती मेलॅनिनचं काळं कवच तयार होऊन तो तिथेच संपतो. म्हणजे गोठ्यात शंभर डास सापडले आणि त्यातले बहुतेक बी असले, तर डासांची संख्या भरपूर आणि हिवताप मात्र कमी, असं चित्र दिसतं. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारच्या बी-बहुल भागात असंच दिसलं होतं.

इथवर गोष्ट सरळ वाटते. श्रीलंकेने ती अवघड केली, आणि मला स्वतःला या सगळ्या शास्त्रातला हा भाग सर्वांत आवडतो.

श्रीलंकेत 1934-35 साली हिवतापाची भयंकर साथ आली. पाऊस दगा देऊन गेला, नद्या आटल्या, वाळूत जागोजाग स्वच्छ पाण्याची डबकी राहिली आणि क्युलिसिफेसीसला हवी तशी जागा मिळाली. सुमारे ऐंशी हजार माणसं गेली. पुढे डीडीटी आलं, हिवताप इतका खाली आला की 1963 साली साऱ्या बेटावर फक्त 17 रुग्ण नोंदले गेले. फवारणी सैल झाली आणि साठीच्या दशकाच्या शेवटी पुन्हा लाखांनी रुग्ण झाले. प्रत्येक वेळी मुख्य वाहक एकच, क्युलिसिफेसीस. आणि नव्वदीत तिथल्या डासांची गुणसूत्रं वाचली गेली तेव्हा सगळे निघाले बी! भारतात जी जात निरुपद्रवी, तीच समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडली की हजारोंचा जीव घेणारी कशी?

उत्तर पट्टीच्या अलीकडे, रामेश्वरमच्या बेटावर मिळालं. तमिळनाडूत बी समजल्या जाणाऱ्या डासांच्या नरांत दोन तऱ्हेची वाय गुणसूत्रं आढळत होती. काहींत एक बाजू अगदी तोकडी, काहींत दोन्ही बाजूंना बाहू. आता अडचण अशी की हिवताप पसरवते मादी, आणि मादीला वाय गुणसूत्र नसतंच. मग शोधायचं कसं? संशोधकांनी मादीला अंडी घालू दिली, तिची पिल्लं वाढवली, आणि तिच्या मुलांचं वाय पाहिलं. आईच्या लाळग्रंथीत हिवतापाचे जंतू आहेत का, तिच्या पोटातलं रक्त माणसाचं की गुराचं, हे एकीकडे, आणि तिच्या मुलांचं वाय दुसरीकडे. आई कोण हे मुलांवरून ओळखायचं. जंतू बाळगणाऱ्या माद्यांची मुलं दोन बाहूंच्या वायची निघाली. 1999 मध्ये कार, सुब्बाराव आणि सहकाऱ्यांनी हिला ई असं नाव दिलं. महागुणसूत्रांच्या पट्ट्यांत ई आणि बी तंतोतंत सारख्या. आम्ही ज्या पद्धतीवर एवढा भरवसा ठेवत होतो तिलाही न दिसणारी ही पाचवी जात. पुढच्याच वर्षी श्रीलंकेतही बी आणि ई दोन्ही असल्याचं सिद्ध झालं, आणि कोडं सुटलं.

विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट फळ्यावर वाय काढून सांगते. वर्गात तेवढा वेळ तरी कुणी फोनकडे पाहत नाही.

आता फवारणीकडे येते. 1947 साली भारतात हिवतापाचे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. 1953 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, डीडीटीच्या जोरावर 1965 पर्यंत रुग्ण एक लाखावर आले. 1976 मध्ये ते परत 64 लाखांच्या वर गेले. याची कारणं अनेक आहेत: पुरवठा, पैसा, प्रशासन, औषधाला दाद न देणारा परजीवी. पण डासही बदलत होता. क्युलिसिफेसीस डीडीटीला दाद देत नाही अशी पहिली नोंद 1959 सालची आहे, पंचमहाल जिल्ह्यातली, जो तेव्हा आपल्याच मुंबई राज्यात होता. सत्तरीत गुजरातेत मॅलेथिऑन या दुसऱ्या कीटकनाशकाचंही तेच झालं.

कीटकनाशकाची चाचणी कशी होते ते पाहा. नळीत डीडीटी लावलेला कागद, त्यात डास तासभर ठेवायचे, चोवीस तासांनी किती मेले ते मोजायचे. शंभरातले तीस मेले, म्हणजे डीडीटी निकामी. पण नळीत ए आणि बी मिसळलेल्या असतील तर? उत्तर भारतातल्या चाचण्यांत ए ही बी पेक्षा डीडीटीने जास्त मरते असं दिसलं आहे. नळीत तगून राहिलेल्या बहुतेक बी असतील, तर ज्या डासाची भीती होती तो मेला आणि ज्याची नव्हती तो उरला. अहवालात मात्र सरासरीचा एकच आकडा जाणार. उलटंही घडू शकतं, आणि ते जास्त वाईट. भाऊंच्या "काही मरते, काही नाही मरत" या वाक्यात नेमका हाच प्रश्न होता.

डास बदलतो म्हणजे नेमकं काय होतं, हे आता जनुकाच्या एका अक्षरापर्यंत कळलेलं आहे. डीडीटी डासाच्या चेतापेशीतल्या सोडियमच्या दारावर बसतं आणि ते दार उघडंच ठेवतं; डास थरथरतो, लुळा पडतो. त्या दाराच्या प्रथिनात 1014 व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलअ‍ॅलनीन आलं की डीडीटीला नीट बसता येत नाही. भारतातल्या क्युलिसिफेसीसमध्ये हे उत्परिवर्तन सापडलेलं आहे. मच्छरदाणीला लावतात ती पायरेथ्रॉइड औषधंही याच दारावर बसतात. म्हणजे शेतात आणि घरात वर्षानुवर्षं मारलेल्या डीडीटीने डासाला जी शिकवण दिली ती त्याला मच्छरदाणीपुढेही उपयोगी पडते. गोठ्यातल्या एका फवारणीचा हिशोब पुढच्या पिढीच्या मच्छरदाणीत चुकवावा लागतो.

आफ्रिकेत तर याहून विलक्षण घडलं. तिथे हिवताप पसरवणाऱ्या गॅम्बी गटातल्या डासांच्या दोन जवळच्या जातींपैकी एकीत हे उत्परिवर्तन आधी आलं आणि क्वचित होणाऱ्या संकरातून ते दुसरीत, कोलुझीमध्ये, उतरलं. कोलुझी हे नाव मारिओ कोलुझी या इटालियन शास्त्रज्ञावरून 2013 साली दिलं. डासाच्या गुणसूत्रांचं वाचन आयुष्यभर करणारा माणूस. त्यांनी नायजेरियात दाखवलं होतं की एकाच गावात, एकाच रात्री, घराच्या आत विसावलेल्या आणि बाहेर विसावलेल्या डासांत इन्व्हर्जनांचं प्रमाण वेगवेगळं असतं. कोरड्या मुलखात जास्त आढळणारे उलट तुकडे आतल्या डासांत जास्त, कारण रात्री घरातली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी असते. फवारणी होते आतल्या भिंतींवर. नायजेरियातल्याच गार्की इथे सत्तरीत मोठा प्रकल्प झाला, घरोघर प्रोपॉक्सर हे कीटकनाशक फवारलं, तरीही हिवतापाचा प्रसार थांबला नाही. बाहेर विसावणारे डास तिथे हा एक मोठा मुद्दा होता.

उलटा तुकडा डासाला उपयोगी का पडतो? उलट आणि सुलट जोडीला बसले की त्या भागात जनुकांची अदलाबदल जवळपास बंद होते. कोरडेपणा सोसणारी जनुकं एकत्र जमली असतील तर ती विखुरत नाहीत, गठ्ठ्यानेच पुढे जातात. आणि 2015 साली गॅम्बी गटाचे संपूर्ण जीनोम शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा कळलं की बाकीच्या गुणसूत्रांत जातींनी एकमेकींशी इतकी देवघेव केली आहे की खरी वंशावळ प्रामुख्याने एक्स गुणसूत्रातच शिल्लक राहिली आहे. क्युलिसिफेसीसच्या जाती वेगळ्या करण्याची सुरुवातही एक्सवरच्या इन्व्हर्जनांनीच झाली होती. मी ज्या टोकाकडे डोळे लावून बसायचे तिथे एवढं काही साठलेलं असेल, असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

आता ऑर्सिनचा वास प्रयोगशाळांतून जवळपास गेलाच आहे. डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर चाचणीला अर्धपोट भरलेली मादी लागत नाही. वाळलेला डास, नर, अळी, काहीही चालतं, एक पाय पुरतो. डीएनएच्या एका भागावरून ए-डी एकीकडे आणि बी-सी-ई एकीकडे पडतात, मग सीओ-टू या जनुकावरून पुढची फोड होते. हे सोपं आहे, स्वस्त होत चाललं आहे, आणि मी त्याच्या बाजूची आहे. पण इन्व्हर्जन बघायला मला अजूनही स्लाइडच लागते असं वाटतं, आणि ज्या विद्यार्थ्याने एकदाही पट्टे वाचलेले नाहीत त्याला पीसीआरनंतर जेलवर उमटणारी रेघ कशाची खूण आहे ते उमगत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने आधी अंगठ्याने दाबायला शिकायचं, मग पीसीआर.

माझी मागणी मोठी नाही. जिल्ह्याच्या हिवताप अहवालात डासांच्या घनतेचा रकाना असतो, दर माणशी दर तासाला किती डास पकडले त्याचा. त्यात क्युलिसिफेसीस एवढंच लिहिलेलं असतं. तिथे पुढे अक्षर लिहिलं जावं. कीटक समाहारक आजही पहाटे गोठ्यात जातात, डास पकडतात, मोजतात. त्यातले थोडे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या कुपीत टाकून, गावाचं नाव आणि तारीख लिहून जवळच्या प्रयोगशाळेला पाठवले, की पुढचं काम आमच्यासारख्यांचं. कॉलेजांत यंत्रं आहेत, हाताला काम हवं असलेली पोरं आहेत. भाताच्या हंगामात, पाणी बांधीत उभं असताना आणि पुन्हा कापणीनंतर, दोनदा जरी हे झालं तरी कुठल्या तालुक्यात कोणती जात किती, आणि ती कशाने मरते, हे वेगवेगळं सांगता येईल. गोंदिया, भंडारा, गडचिरोली या भागात कुणी हिवताप विभागात असेल आणि वाचत असेल, तर कुप्या मी पाठवते.